लहान फाउंड्रीत एआय आणायचे, तर सुरुवात कुठून करावी?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींमध्ये लहान-मध्यम फाउंड्र्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, मोठ्या संख्येने आहेत. ऊसशेतीला पाणी पुरवणाऱ्या ऑइल इंजिनांच्या निर्मितीतून आणि दुरुस्तीतून उद्यमनगरात जो धंदा रुजला, त्याचाच विस्तार होऊन आज या भागात मोटारी, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्ह यांना लागणारी कास्टिंग (ओतीव भाग) ओतली जातात. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीत २५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटी रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला उद्योग ‘लघु’ ठरतो. मध्यम उद्योगासाठी याच मर्यादा अनुक्रमे १२५ कोटी आणि ५०० कोटी रुपये आहेत. अशा फाउंड्रीच्या मालकासमोर हल्ली एआय विकणारे लोक लॅपटॉप उघडून बसतात आणि रंगीत आलेख दाखवतात. मालकाला मात्र दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: माझ्या कारखान्यात याचा नेमका उपयोग काय, आणि त्यासाठी मला आधी काय करावे लागेल? या लेखाचा भर दुसऱ्या प्रश्नावर आहे, कारण पहिल्याचे उत्तर बहुतांशी त्यावरच ठरते.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. भट्टीचे तापमान ठरावीक अंकापलीकडे गेले की अलार्म वाजतो, हे साधे ऑटोमेशन झाले. त्यातला नियम माणसाने लिहिलेला असतो आणि पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) तो निमूटपणे पाळतो. मशीन लर्निंगमध्ये नियम कोणी लिहून देत नाही. पूर्वीची हजारो उदाहरणे आणि त्या प्रत्येकाचा निकाल संगणकाला दिला, की तो त्यांतील संबंध शोधतो आणि नव्या उदाहरणाचा निकाल काय लागेल याचा अंदाज सांगतो. हा अंदाज शक्यतेच्या भाषेत असतो आणि चुकूही शकतो. त्यामुळे जिथे नियम आधीच ठाऊक आहे, तिथे एआयवर पैसे घालण्याचे कारण नाही. इंडक्शन भट्टी (विजेवर धातू वितळवणारी भट्टी) चालवणाऱ्या कारखान्याला महावितरणच्या बिलात युनिटांबरोबर कमाल मागणीचेही, म्हणजे एका वेळी ओढलेल्या जास्तीत जास्त विजेचेही, पैसे भरावे लागतात. दोन भट्ट्या एकाच वेळी पूर्ण पॉवरवर गेल्या आणि त्याच वेळी सँड प्लँट व कॉम्प्रेसर चालू असले, तर करारातली मागणी ओलांडली जाण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी चालू मागणी मोजून भट्टीची पॉवर थोडा वेळ उतरवणारा साधा कंट्रोलर पुरतो. हाच कंट्रोलर ‘एआय ऊर्जा व्यवस्थापन’ या नावाने अनेक पट किमतीला मिळत असेल, तर ते नाव सोडून बाकी सारे घ्यावे.

एआयची खरी गरज तिथे पडते, जिथे कारणे अनेक असतात, ती एकमेकांत गुंतलेली असतात आणि अनुभवी माणसालाही खात्रीने बोट ठेवता येत नाही. फाउंड्रीत अशी एक गोष्ट रोज घडते, ती म्हणजे रिजेक्शन, अर्थात दोषामुळे नग बाद होणे.

ग्रीन सँडच्या मोल्डमध्ये, म्हणजे ओलसर वाळूच्या साच्यात, ओतलेल्या एखाद्या कास्टिंगला ब्लो होल (वायू अडकून झालेली पोकळी) आले, असे समजू. वाळूत ओलावा जास्त झाला असेल. वाळूची हवा जाऊ देण्याची क्षमता, म्हणजे पर्मिअबिलिटी, कमी पडली असेल. कोअर (कास्टिंगच्या आतली पोकळ जागा घडवणारा वाळूचा गाभा) नीट भाजला गेला नसेल किंवा त्याची व्हेंट (वायू बाहेर जाण्याची वाट) बुजली असेल. धातू थंड ओतला गेला असेल, किंवा लॅडल (धातू ओतण्याचे भांडे) पुरेशी तापवलेली नसेल. यांपैकी एकच कारण असेल असेही नाही. ओलावा जरासा जास्त आणि ओतण्याचे तापमान जरासे कमी, हे दोन्ही आपापल्या मर्यादेत असूनही एकत्र आले की दोष उमटतो. शिवाय ही वाळू फिरती असते. आज शेकआउटवरून (मोल्ड फोडून नग काढण्याच्या जागेवरून) परत आलेली गरम वाळू पुरेशी थंड न होता मिक्सरमध्ये गेली, तर तिच्यातला ओलावा मोल्डिंग होईपर्यंत बदलत राहतो, आणि प्रयोगशाळेतल्या नमुन्याचा आकडा मोल्डमधल्या वाळूला लागू पडत नाही. दहा-बारा गोष्टी एकदम बदलत असताना त्यांतली कोणती जुळणी घातक आहे हे शोधणे, हे मशीन लर्निंगचे हक्काचे काम आहे.

आता या कामाला लागणारी माहिती कारखान्यात कुठे असते, ते पाहू. ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दाबली जाते), ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची ताकद) हे आकडे सँड लॅबच्या रजिस्टरमध्ये असतात. चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत घातलेल्या मालात, किती पिग आयर्न (कच्चे लोखंड), किती स्क्रॅप आणि किती रिटर्न (कारखान्यातलेच पुन्हा वितळवायचे लोखंड) घातले, ते मेल्टिंगच्या वहीत असते. रासायनिक पृथक्करण स्पेक्ट्रोमीटरच्या संगणकात असते. ओतण्याचे तापमान फर्नेसवरच्या फळ्यावर खडूने लिहिले जाते आणि शिफ्ट संपली की पुसले जाते. रिजेक्शनची नोंद फेटलिंगनंतर, म्हणजे नगाची साफसफाई झाल्यावर, तपासणी विभागात होते. आणि आतले दोष तर ग्राहकाच्या मशीनशॉपमध्ये बोअर झाल्यावर, कित्येक दिवसांनी उघडे पडतात. तिथून मेल आणि पाठोपाठ डेबिट नोट (नुकसानीची रक्कम आपल्या नावे टाकल्याची चिठ्ठी) येते. म्हणजे कारणे एका वहीत आणि परिणाम दुसऱ्या वहीत, अशी ही स्थिती आहे. रुग्णाच्या तपासण्या एका नावाने आणि त्याचा आजार दुसऱ्या नावाने लिहून ठेवला, तर निष्णात डॉक्टरही काही सांगू शकणार नाही. संगणकाचेही तसेच होते.

या दोन वह्या जोडणारा धागा म्हणजे हीट नंबर. भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूला हीट म्हणतात. वितळवलेल्या प्रत्येक हीटचा नंबर कास्टिंगवर उमटत असेल, तर महिन्याभराने परत आलेला नग हातात घेऊन तो कोणत्या दिवशी, कोणत्या भट्टीतून, कोणत्या वाळूत ओतला गेला हे काढता येते. अनेक ठिकाणी नगावर फक्त दिनांकाचा कोड असतो, आणि एका दिवसात दहा-पंधरा हीट होत असतील, तर तेवढ्यावर भागत नाही. एसजी आयर्नच्या, म्हणजे ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असते अशा ओतीव लोखंडाच्या, बाबतीत हीट नंबरही अपुरा पडतो. मॅग्नेशियमची प्रक्रिया केल्यानंतर धातूतले मॅग्नेशियम मिनिटागणिक कमी होत जाते. त्यामुळे एकाच लॅडलमधून ओतलेला पहिला मोल्ड उत्तम आणि शेवटचा मोल्ड ग्राफाइटच्या गोळ्या नीट न झालेला, असे होऊ शकते. अशा ठिकाणी लॅडलमधला कितवा मोल्ड आणि प्रक्रियेनंतर किती मिनिटांनी ओतला, हीसुद्धा नोंद लागते. माझ्या मते लहान फाउंड्रीतल्या एआय प्रकल्पाचे पहिले सहा महिने याच कामात जायला हवेत, आणि त्यासाठी एआयची गरज नाही. टॅब्लेटवर भरायचा एक साधा फॉर्म, नगावर हीटचा ठसा उमटवण्याची सोय आणि सर्व नोंदी एका तक्त्यात आणणारे कोणी तरी एवढे पुरते. गंमत अशी की नोंदी जोडल्या जाताच निम्मे प्रश्न साध्या एक्सेलच्या आलेखातही दिसू लागतात. सोमवारच्या पहिल्या शिफ्टला रिजेक्शन जास्त येते आणि रविवारी बंद राहिलेल्या सँड प्लँटमधली वाळू सुकलेली असते, हे कळण्यासाठी कोणत्याही मॉडेलची आवश्यकता नसते.

नोंदी असणे आणि त्या खऱ्या असणे यांतही अंतर आहे. सँड लॅबचे रजिस्टर उघडून एखाद्या महिन्याचे ओलाव्याचे आकडे वरून खाली वाचावेत. ३.५, ३.५, ३.६, ३.५, ३.५ अशी रांग पानामागून पान दिसत असेल, तर ती वाळू आदर्श आहे असे समजू नये. चाचणी न करता, शिफ्ट संपताना एकदम आकडे भरले जात आहेत, असे समजावे. रिजेक्शनच्या कारणाचा रकानाही असाच तपासावा. कारण लिहिल्यावर कोणाला तरी बोलणी बसणार असतील, तर ‘सँड ड्रॉप’ (मोल्डमधली वाळू सुटून पडणे) हे सर्वांच्या सोयीचे उत्तर तिथे वारंवार लिहिले जाते, कारण वाळूला कोणी मेमो देत नाही. अशा नोंदींवर शिकलेले मॉडेल कारखाना कसा चालतो हे शिकत नाही, तर वही कशी भरली जाते हे शिकते. म्हणून नोंद करणाऱ्याला त्या नोंदीमुळे शिक्षा होणार नाही, हे मालकाने आधी स्वतः जाहीर केले पाहिजे आणि पहिल्या वाईट आकड्याच्या दिवशी ते पाळलेही पाहिजे.

पुरेशा आणि खऱ्या नोंदी जमल्यानंतर मॉडेल जे सांगते, तेही जपून वाचावे लागते. पंचवीस गोष्टी मोजल्या आणि विशिष्ट दोषाचे नग मात्र चाळीसच असले, तर निव्वळ योगायोगानेही एखादा संबंध ठळक दिसेल. दुसरा धोका अधिक फसवा आहे. दोष वाढले की सुपरवायझर वाळूच्या चाचण्या वाढवतो. मॉडेलला मात्र जास्त चाचण्या आणि जास्त दोष एकत्र दिसतात आणि ते चाचण्यांनाच दोषाची खूण मानते. म्हणून मॉडेलने दाखवलेला संबंध ही तपासाची दिशा मानावी. मेटलर्जिस्टने एकच गोष्ट बदलून, बाकी सारे स्थिर ठेवून प्रत्यक्ष ट्रायल घेतली आणि रिजेक्शन उतरले, तरच ते कारण मानावे.

दुसरा उपयोग कॅमेऱ्याचा. कास्टिंगच्या पृष्ठभागावरचे दोष कॅमेऱ्याने ओळखणे आता तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि प्रात्यक्षिकात ते फार छान दिसते. येथे अचूकतेचा दावा कसा तपासावा, हे एका हिशेबाने पाहू. समजा, १,००० नगांपैकी २ टक्के, म्हणजे २० नग सदोष आहेत. कॅमेरा सदोष नगांपैकी ९५ टक्के पकडतो, म्हणजे १९ पकडतो आणि १ सुटतो. चांगल्या ९८० नगांपैकी ३ टक्के नगांना तो चुकून सदोष ठरवतो, म्हणजे सुमारे २९. एकूण ४८ नग बाजूला पडले आणि त्यांतले २९ चांगले होते. दर पाच बाजूला काढलेल्या नगांमध्ये तीन चांगले. तरीही या यंत्रणेची एकूण अचूकता ९७ टक्के भरते, आणि माहितीपत्रकावर तोच आकडा छापला जातो. गंमत अशी, की काहीही न तपासता प्रत्येक नगाला ‘चांगला’ म्हणणाऱ्या यंत्राची अचूकता याच हिशेबाने ९८ टक्के येईल! म्हणून विक्रेत्याला अचूकता विचारू नये. सदोष नगांपैकी किती सुटतात आणि चांगल्यांपैकी किती अडकतात, हे दोन आकडे स्वतंत्रपणे विचारावेत. ब्रेकच्या भागात एक नग सुटणे महागात पडते. पंपाच्या पायाच्या कास्टिंगमध्ये ती किंमत वेगळी असते. आणि ते ४८ नग पुन्हा पाहण्यासाठी माणूस लागतोच. फरक एवढाच, की त्याला हजाराऐवजी ४८ नग लक्षपूर्वक पाहायचे असतात. या रूपात कॅमेरा उपयोगी आहे.

फाउंड्रीत कॅमेरा लावण्यातल्या अडचणी मुख्यतः प्रकाशाच्या आणि धुळीच्या आहेत. शॉट ब्लास्ट (धातूच्या बारीक गोळ्यांचा मारा) केलेला खडबडीत पृष्ठभाग दिव्याच्या कोनानुसार वेगळा दिसतो. खड्डा आणि वाळूचा चिकटलेला कण एका कोनात सारखेच वाटतात. म्हणून नग ठेवण्याची ठरावीक जागा, भोवती झाकलेली पेटी आणि बदल न होणारा प्रकाश यांवर कॅमेऱ्याइतकाच खर्च करावा लागतो. काच रोज कोण पुसणार, हेही कामाच्या तक्त्यात लिहावे लागते. श्रिंकेजसारखे (धातू गोठताना आकसून पडणारी पोकळी) आतले दोष कॅमेऱ्याला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी अल्ट्रासोनिक किंवा एक्स-रे तपासणीच हवी. मशीनिंग झालेल्या गुळगुळीत भागांवर मात्र हेच तंत्र पुष्कळ सोपे जाते, त्यामुळे ज्यांच्याकडे फाउंड्रीबरोबर मशीनशॉपही आहे, त्यांनी कॅमेऱ्याची सुरुवात तिकडून करावी.

यंत्र बंद पडण्याआधी इशारा देणाऱ्या सेन्सरबद्दल थोडक्यात. कॉम्प्रेसर, ब्लोअर, सँड मिक्सर अशा सतत फिरणाऱ्या यंत्रांच्या बेअरिंगवर कंपनमापक लावणे उपयोगाचे असते. परंतु एखादे यंत्र दोन-तीन वर्षांतून एकदाच बिघडत असेल, तर बिघाडाची उदाहरणेच नसल्याने मॉडेल तो ‘ओळखायला’ शिकू शकत नाही. ते फार तर ‘आज नेहमीपेक्षा वेगळे चालले आहे’ एवढे सांगेल. तेवढे सांगण्यासाठी बहुतेक वेळा ठरावीक मर्यादा आणि एक मेसेज पुरतो.

कार्यालयातील कामात भाषेची मॉडेल (चॅटबॉटमागचे एआय) लवकर उपयोगी पडतात, आणि ज्यांना कमी खर्चात काही करून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी हाच मार्ग बरा. ग्राहकांच्या पर्चेस ऑर्डर वेगवेगळ्या नमुन्यांत, पीडीएफमध्ये येतात. त्यातला भागाचा क्रमांक, रिव्हिजन, संख्या आणि तारीख काढून तक्त्यात भरण्याचे काम ही मॉडेल करू शकतात. कामाच्या सूचना मराठीत लिहून त्यांचे हिंदी रूप तयार करणे हाही खरा उपयोग आहे, कारण येथील फाउंड्र्यांमध्ये बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेले कामगार बरेच असतात. मात्र ही मॉडेल नसलेली गोष्टही तितक्याच आत्मविश्वासाने लिहितात. म्हणून आकडे जिथे येतात, तिथे ‘संख्या गुणिले दर बरोबर रक्कम’ असा साधा गणिती ताळा संगणकाकडूनच लावून घ्यावा, आणि जिथे तो जुळत नाही ती ऑर्डर माणसाकडे जावी. आणखी एक पथ्य म्हणजे ग्राहकाचे ड्रॉइंग कोणत्याही फुकटच्या चॅटबॉटवर चढवू नये. ड्रॉइंग गोपनीय ठेवण्याची लेखी हमी आपण बहुधा दिलेली असते.

आता पैशांचा हिशेब, कारण तिथेच सर्वाधिक फसगत होते. महिन्याला २०० टन चांगले उत्पादन असलेल्या फाउंड्रीचे रिजेक्शन ६ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, तर साधारण २ टन कास्टिंग वाचली. विक्रेता या २ टनांना विक्रीच्या भावाने गुणतो. प्रत्यक्षात बाद कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते, त्यामुळे लोखंड बहुतांशी वाया जात नाही. वाया जाते ती वीज, कोअर, मजुरी, बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती) आणि मोल्डिंग लाइनवरचा वेळ. उदाहरणादाखल यील्ड, म्हणजे वितळवलेल्या धातूपैकी कास्टिंगमध्ये उतरणारा वाटा, ६० टक्के धरले, तर २ टन कास्टिंगसाठी सुमारे ३.३ टन धातू वितळवावा लागतो. टनाला ६०० युनिट धरल्यास ती वीज २,००० युनिट होते. यात कोअर आणि मजुरी मिळवली, की जो आकडा येतो तो विक्रीच्या भावापेक्षा बराच लहान असतो. दोन परिस्थितींत मात्र तो मोठा होतो. कारखाना पूर्ण क्षमतेने चालत असेल आणि ऑर्डर थांबून असतील, तर वाचलेल्या प्रत्येक मोल्डच्या जागी विकाऊ नग निघतो. आणि दोष ग्राहकाकडे मशीनिंगनंतर सापडत असेल, तर डेबिट नोटमध्ये मशीनिंगचा खर्च आणि वाहतूकही येते. तिथे एक नग वाचवणे हे आपल्या दारात दहा नग वाचवण्याहून फायद्याचे ठरू शकते. म्हणून आधी मागील वर्षाच्या डेबिट नोटा काढून त्यांची भागनिहाय बेरीज करावी. ज्या एका-दोन भागांवर ती सर्वाधिक निघेल, तेवढ्यांपुरताच पहिला प्रकल्प ठेवावा.

प्रकल्पाचे दुसरे टोक माणसांकडे असते. रात्रपाळीत दोन वाजता स्क्रीनवर ‘या लॅडलमध्ये दोषाची शक्यता जास्त’ असे उमटले, तर काय करायचे? ओतणे थांबवण्याचा अधिकार सुपरवायझरला नसेल, किंवा थांबवल्याबद्दल सकाळी त्यालाच उत्पादन का घटले असे विचारले जाणार असेल, तर तो स्क्रीनकडे पाहणे बंद करील, आणि त्यात त्याचे काही चुकणारही नाही. इशारा आल्यावर करायची कृती, ती करणारा माणूस आणि त्या वेळेपुरती माफ असलेली उत्पादनातली घट या तिन्ही गोष्टी आधी लिहून ठरवल्या पाहिजेत. कॅमेऱ्याच्या चौकटीत नग यावा, कामगाराचा चेहरा येऊ नये, हेही पाहावे. एकदा पाळत ठेवल्याची शंका आली, की नोंदींचा खरेपणा पहिल्याच आठवड्यात संपतो.

बाहेरची मदत घेताना खर्चिक करार करण्याआधी प्रत्यक्ष पाहणी करता येते. केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग भारत ४.०’ या उपक्रमांतर्गत पुण्यात सीफोरआयफोर लॅब उभी आहे आणि उद्योगांना या तंत्रांची ओळख करून देणे हे तिच्या कामांपैकी एक आहे. विक्रेत्याशी बोलणी सुरू झाली, की एक परीक्षा अवश्य घ्यावी. जोडलेल्या नोंदींपैकी शेवटचे दोन महिने बाजूला काढून बाकीच्या नोंदी त्याला द्याव्यात. त्यावरून मॉडेल तयार झाले, की त्या दोन महिन्यांतली फक्त कारणांची बाजू, म्हणजे वाळू, धातू आणि तापमान यांचे आकडे द्यावेत, आणि कोणत्या हीटमध्ये दोष आले असतील ते त्याच्याकडून लेखी मागावे. निकालाची बाजू आपल्याकडे असतेच; ती पडताळण्यासाठी दुपार पुरते. जो विक्रेता या परीक्षेला तयार होत नाही, त्याच्याशी पुढे बोलण्याची गरज नाही. जो उत्तीर्ण होतो, त्याच्या करारात तीन वाक्ये घालून घ्यावीत: सर्व नोंदींची मालकी कारखान्याची राहील आणि त्या कधीही साध्या तक्त्याच्या रूपात परत मिळतील; पॅटर्न (मोल्डमध्ये आकार उठवणारा नमुना), वाळूचा पुरवठादार किंवा बाइंडर (वाळू धरून ठेवणारा पदार्थ) बदलल्यावर मॉडेल पुन्हा शिकवण्याचे काम किती दिवसांत आणि कोणत्या दराने होईल; आणि आमच्या नोंदींवर शिकलेले मॉडेल शेजारच्या शेडमधल्या स्पर्धकाला विकले जाणार नाही.